मोहल्ल्याची जमात, ट्रस्ट आणि कमिटी: कागद, हिशोब आणि प्रशिक्षण याबद्दल माहिती असावं असं सगळं

मशिदीचा ट्रस्ट, कब्रस्तान कमिटी, मक्तब, बैतुलमाल, रुग्णवाहिका चालवणारं तरुणांचं मंडळ, बहिणींचा बचत गट. आपल्या जवळपास प्रत्येक वस्तीत यातल्या दोन-तीन संस्था असतातच. त्या चालवणारी माणसं दिवसभर दुकान, रिक्षा, लूम किंवा नोकरी सांभाळतात आणि इशाच्या नमाजनंतर बसून संस्थेचं काम करतात. त्यांच्या नियतीबद्दल कुणाला शंका नसते. अडचण येते ती कागदाला. कुठे विश्वस्त इंतकाल पावून दहा वर्षं झाली तरी नोंदीत त्यांचीच नावं असतात. कुठे खजिनदाराचा हिशोब त्याच्या डायरीत असतो आणि डायरी त्याच्या घरात. मग एक दिवस बँक खातं बंद पडतं, जागेचा वाद कोर्टात जातो किंवा सरकारी योजनेचा अर्ज परत येतो, आणि चाळीस वर्षांची मेहनत अडकून पडते.

म्हणून हा लेख. महाराष्ट्रातल्या छोट्या धार्मिक आणि सामाजिक संस्थांना कोणकोणत्या बाबतीत तांत्रिक मदत आणि प्रशिक्षण लागतं, ते आम्ही इथे एका ठिकाणी मांडत आहोत. आपल्या जमातीच्या पुढच्या मीटिंगमध्ये तो वाचून दाखवला तरी चालेल.

तांत्रिक मदत म्हणजे काय

संस्थेला पैसा देणं ही आर्थिक मदत. संस्थेला तिचं काम नीट करता यावं म्हणून शिकवणं, सोबत बसून कागद तयार करून घेणं, ही तांत्रिक मदत. यात साधारण पाच गोष्टी येतात: नोंदणी आणि कायदा, हिशोब आणि ऑडिट, कर आणि देणग्या, मालमत्तेची कागदपत्रं, आणि माणसं तयार करणं. पहिल्या चार गोष्टी वकील आणि सीए करून देऊ शकतात. पाचवी मात्र जमातीलाच करावी लागते.

आपल्या दीनमध्येही ही गोष्ट नवी नाही. सूरह बकराची २८२ वी आयत ही कुरआनातली सगळ्यात लांब आयत, आणि तिचा विषय आहे उधारीचा व्यवहार लिहून ठेवणं आणि त्याला साक्षीदार ठेवणं. दोन माणसांमधल्या कर्जाबद्दल एवढी काळजी घ्यायची असेल, तर हजारो लोकांच्या अमानतीचा हिशोब तोंडी कसा चालेल?

आपली संस्था कुठल्या कायद्यात बसते

पहिला प्रश्न हाच, आणि गोंधळही इथेच सुरू होतो.

सार्वजनिक विश्वस्त संस्था: महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चा आहे. पूर्वी त्याच्या नावात 'मुंबई' होतं. या कायद्याखालची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्यातल्या कार्यालयात होते. नोंदणी झाली की संस्थेची माहिती 'परिशिष्ट १' मध्ये चढते. विश्वस्तांची नावं, मालमत्ता, उद्देश हे सगळं त्यात असतं. आपल्या संस्थेच्या परिशिष्ट १ चा ताजा उतारा काढणं हे कुठल्याही दुरुस्तीचं पहिलं पाऊल.

सोसायटी: १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात. आपल्याकडे बरेच जण सोसायटीचं प्रमाणपत्र मिळालं की काम संपलं असं समजतात. पण महाराष्ट्रात अशा सोसायटीला धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट म्हणूनही नोंदणी करावी लागते.

वक्फ: महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळ जानेवारी २००२ मध्ये स्थापन झालं, मुख्य कार्यालय औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला. मराठवाडा पूर्वी हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे तिथे वक्फची व्यवस्था आधीपासूनच वेगळी होती. कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक मशिदी मात्र धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या होत्या. मग प्रश्न उभा राहिला की प्रत्येक मुस्लिम ट्रस्ट आपोआप वक्फ होतो का. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ च्या निकालात सांगितलं की तसं नाही. मुस्लिमांनी स्थापन केलेला प्रत्येक सार्वजनिक ट्रस्ट वक्फ असतोच असं नाही. तेव्हा आपली मशीद कुठे नोंदलेली आहे, हे ऐकीव माहितीवर न ठेवता कागदावर तपासा.

वक्फ कायद्यात २०२५ साली मोठी दुरुस्ती झाली. ती ८ एप्रिल २०२५ पासून लागू झाली, आणि ६ जून २०२५ रोजी केंद्राचं 'उम्मीद' पोर्टल सुरू झालं. नोंदलेल्या वक्फ मालमत्तांची माहिती त्यावर भरायला सहा महिन्यांची मुदत होती. मुदत वाढवून मागायची तर वक्फ न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. या दुरुस्तीतल्या काही तरतुदींना सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशाने स्थगिती दिली, पण नोंदणीची अट थांबवली नाही. कायद्याबद्दल आपलं मत काहीही असो, मुतवल्ल्याचा कागद तयार नसेल तर नुकसान मशिदीचं होतं. ज्यांची माहिती भरायची राहिली असेल, त्यांनी वकिलाशी लगेच बोलावं.

चेंज रिपोर्ट: छोटा कागद, मोठा घोळ

ट्रस्टमध्ये काहीही बदल झाला, म्हणजे विश्वस्त वारला, राजीनामा दिला, नवा आला, जागा घेतली, पत्ता बदलला, तर कलम २२ प्रमाणे ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं. यालाच चेंज रिपोर्ट म्हणतात. उशीर झाला तर उशिराचं कारण देऊन माफी मागता येते, त्यामुळे जुनं प्रकरण आहे म्हणून हात झटकू नका.

होतं काय, की मशिदीत सगळ्यांच्या संमतीने नवी कमिटी निवडली जाते, दुआ होते, मिठाई वाटली जाते, आणि कागद तसाच राहतो. पुढे दोन गट पडले की जुना गट परिशिष्ट १ दाखवतो. मग जमातीने कुणाला निवडलं होतं याला काही किंमत उरत नाही. निवडणुकीचा ठराव, हजर लोकांच्या सह्या, मीटिंगची नोटीस आणि नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं त्याच आठवड्यात फाइलला लावावीत.

सगळेच नोंदलेले विश्वस्त वारले असतील तरी वाट बंद नसते. कलम ४७ प्रमाणे ट्रस्टशी हितसंबंध असलेले लोक नवे विश्वस्त नेमण्यासाठी धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करू शकतात.

जागा, भाडं आणि विक्री

ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायची, बदलून घ्यायची किंवा बक्षीस द्यायची असेल तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. भाडेपट्ट्यालाही मर्यादा आहे. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त आणि बिनशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने द्यायची असेल तरी परवानगी हवी. 'आपल्याच माणसाला दिली' हे उत्तर कायद्यात चालत नाही. वक्फ मालमत्तेचे नियम तर यापेक्षा कडक आहेत.

प्रत्येक कमिटीने एक मालमत्ता फाइल करावी. त्यात सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, खरेदीखत किंवा वक्फनामा, घरपट्टीच्या पावत्या, वीज बिल, भाडेकरूंचे करार, मोजणीचा नकाशा आणि जागेचे फोटो असावेत. कब्रस्तानच्या हद्दीबद्दल विशेष काळजी घ्या. भिंत बांधायच्या आधी सरकारी मोजणी करून घेतली तर पुढची भांडणं टळतात.

हिशोब: जकात वेगळी, लिल्लाह वेगळं

इथे कायदा आणि शरीअत दोघंही एकच गोष्ट मागतात: ज्या कामासाठी पैसा आला त्याच कामाला तो लागावा.

जकातचे हकदार सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत आठ प्रकारांत सांगितले आहेत. मशिदीचं बांधकाम, इमामसाहेबांचा पगार किंवा वीज बिल जकातमधून भागवता येत नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. पण चंदा एकाच पेटीत आणि एकाच खात्यात जमा होत असेल तर कुठला रुपया कुठे गेला हे सांगणार कसं? म्हणून पावतीवरच रकाने छापून घ्या: जकात, फित्रा, सदका, लिल्लाह, बांधकाम, कुर्बानीची कातडी. शक्य असेल तर जकातचं बँक खातं वेगळं ठेवा, नसेल तर निदान खातेवहीचं पान वेगळं. एखाद्या खर्चाबद्दल शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारा आणि त्यांनी दिलेलं उत्तर मीटिंगच्या नोंदवहीत लिहून ठेवा.

रोजच्या व्यवहारासाठी आम्ही सुचवतो ते चार साधे नियम:

पावती फाडल्याशिवाय पैसा घ्यायचा नाही, व्हाउचरशिवाय द्यायचा नाही.

दानपेटी दोन-तीन माणसांसमोर उघडायची, मोजणीच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या आणि रक्कम दुसऱ्या दिवशी बँकेत टाकायची.

चेकवर दोन सह्या, आणि दोघं एकाच घरातले नसावेत.

दर महिन्याचा जमाखर्च जुम्माच्या दिवशी मशिदीच्या फळ्यावर लावायचा.

शेवटचा नियम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक. फळ्यावर हिशोब दिसला की अफवा बंद होतात आणि चंदाही वाढतो.

वर्ष संपल्यावर ट्रस्टचे हिशोब ऑडिट करून घेणं कायद्याने बंधनकारक आहे. ताळेबंद परिशिष्ट ८ मध्ये आणि उत्पन्न-खर्च परिशिष्ट ९ मध्ये द्यावा लागतो. गैरव्यवहार किंवा सततची कसूर दिसली तर विश्वस्ताला निलंबित करण्याचा किंवा काढून टाकण्याचा अधिकार कायद्याने धर्मादाय आयुक्तांना दिलेला आहे.

आयकर, ८०जी आणि देणगीदार

१९६१ च्या आयकर कायद्यात संस्थेच्या नोंदणीसाठी १२ए, पुढे १२एबी, आणि देणगीदाराला सवलत मिळावी म्हणून ८०जी ही कलमं होती. जुन्या कायम नोंदण्या २०२१ पासून मुदतीच्या झाल्या, त्यामुळे 'आमच्याकडे वीस वर्षांपूर्वीचं प्रमाणपत्र आहे' यावर विसंबून राहू नका. नवा आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदललेले असल्याने जुन्या क्रमांकांचे फॉर्म भरण्याआधी सीएला विचारून घ्या.

एक महत्त्वाचा फरक लक्षात ठेवा. फक्त मशीद चालवणारा धार्मिक ट्रस्ट आणि सगळ्यांसाठी दवाखाना चालवणारा धर्मादाय ट्रस्ट यांना करात वेगळी वागणूक मिळते. निव्वळ धार्मिक कामाला किंवा एकाच धर्माच्या लोकांपुरत्या मर्यादित असलेल्या धर्मादाय कामाला सर्वसाधारणपणे ८०जी मिळत नाही. म्हणून शाळा, दवाखाना, रुग्णवाहिका असं काम सुरू करायचं असेल तर त्यासाठी वेगळा ट्रस्ट करून त्याचे दरवाजे सगळ्यांना उघडे ठेवावेत. कायद्याच्या दृष्टीने तेच सोयीचं, आणि शेजारधर्म म्हणूनही तेच बरं.

देणगीदारांसाठी दोन गोष्टी. दोन हजार रुपयांच्या वर रोख दिलेल्या देणगीवर सवलत मिळत नाही, आणि जो नवी कर पद्धत निवडतो त्याला ही सवलत नाहीच. संस्थांसाठीही दोन गोष्टी. एका माणसाकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका. आणि शाळा-दवाखान्याला आलेल्या निनावी देणगीवर ठरावीक मर्यादेपुढे ३० टक्के कर लागतो, म्हणून नाव, पत्ता आणि पॅन लिहून घ्या.

आखाती देशांतून येणारा पैसा

रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गच्या कितीतरी गावांत मशीद, शाळा, रस्ता हे आखातात राबणाऱ्या भावांच्या कमाईवर उभं राहिलं. इथे परकीय देणगी नियमन कायदा २०१० माहीत असायला हवा. भारतीय नागरिक परदेशात राहत असेल आणि त्याने आपल्या कमाईतून नेहमीच्या बँक मार्गाने पैसे पाठवले, तर ती परकीय देणगी धरली जात नाही. त्याच्या पासपोर्टची प्रत मात्र फाइलला लावा. पण त्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल, किंवा पैसा परदेशी संस्थेचा असेल, तर नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना एक रुपयाही घेता येत नाही. नोंदणीसाठी सर्वसाधारणपणे संस्था तीन वर्षं जुनी आणि त्या काळात किमान १५ लाख रुपये कामावर खर्च केलेली असावी लागते, आणि परकीय पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. हुंडीने किंवा कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यातून पैसे फिरवणं म्हणजे संस्थेला स्वतः खड्ड्यात ढकलणं.

मुलं, बहिणी आणि लोकांची माहिती

मक्तब आणि मदरशात मुलं येतात, तेव्हा त्यांच्या सुरक्षेची जबाबदारी कमिटीची. पॉक्सो कायदा २०१२ प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. 'मोहल्ल्याची इज्जत' म्हणून प्रकरण दाबणं हा गुन्हा आहे आणि त्या लेकरावर जुलूम आहे. शिक्षक नेमताना ओळख आणि पूर्वीच्या कामाची चौकशी, वर्गाचं दार किंवा खिडकी उघडी, आणि आई-बापांना कधीही येऊन बघायची मुभा, एवढं तरी हवंच.

रेशन किट वाटताना आपण आधारच्या झेरॉक्स गोळा करतो आणि त्या पिशवीत पडून राहतात. गरज नसेल तर घेऊच नका, घेतल्या तर कुलपात ठेवा. मदत घेणाऱ्याचा फोटो ग्रुपवर टाकणं बंद करा. विधवा बहिणीचा सन्मान किटपेक्षा मोठा आहे.

प्रशिक्षण कसं असावं

एका दिवसाचं शिबिर, हार, भाषण आणि बिर्याणी, याने फाइल पूर्ण होत नाही. उपयोगी प्रशिक्षण वेगळं असतं. त्यात संस्था आपली खरी वही घेऊन येते, तिथेच बसून चेंज रिपोर्टचा मसुदा तयार करते, महिन्याने पुन्हा येते आणि काय अडलं ते सांगते. पाच-सहा मोहल्ल्यांनी मिळून एक सीए आणि एक वकील ठरवला तर खर्चही वाटून जातो. प्रत्येक कमिटीने किमान दोन तरुण आणि एक बहीण या कामासाठी तयार करावी. आपल्या कॉमर्सच्या मुली हिशोबात हुशार आहेत, पण त्यांना मशिदीची वही कधी कुणी दाखवलेली नसते.

आपल्या राज्यात संघटित मोहल्ल्याने काय साधलं याची उदाहरणं आहेत. भिवंडीने १९८४ ची दंगल पाहिली होती. १९८८ नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे दोन्ही समाजांच्या लोकांना घेऊन मोहल्ला कमिट्या बांधल्या आणि त्यांच्या नियमित बैठका घेतल्या. १९९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. इचलकरंजीत २०२० च्या ईदला मुस्लिम समाजाने खरेदीचा पैसा वाचवून ३६ लाख रुपये जमवले आणि सरकारी इंदिरा गांधी रुग्णालयात अतिदक्षता विभाग उभा करून दिला. त्याच वर्षी पुण्यात आझम कॅम्पसने आपल्या मशिदीचा हॉल विलगीकरणासाठी देऊ केला. जिथे भेटीगाठीची आणि हिशोबाची सवय आधीपासून असते, तिथे संकटाच्या वेळी लोक विश्वासाने पैसा आणि वेळ देतात.

मदत कुठे मागायची

धर्मादाय सहआयुक्त किंवा सहायक आयुक्तांचं कार्यालय: परिशिष्ट १ चा उतारा, प्रलंबित चेंज रिपोर्टची स्थिती.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण: कायद्याचा सल्ला आणि शिबिरं. महिला आणि कमी उत्पन्न असलेल्यांना वकील मोफत.

महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम: बचत गटांची बांधणी आणि प्रशिक्षण.

जिल्हाधिकारी कार्यालय: अल्पसंख्याक योजनांचे अर्ज. डॉ. झाकीर हुसैन मदरसा आधुनिकीकरण योजनेसाठी मदरसा धर्मादाय आयुक्त किंवा वक्फ मंडळाकडे नोंदलेला असावा लागतो.

नीती आयोगाचं एनजीओ दर्पण पोर्टल: संस्थेचा ओळख क्रमांक. कंपन्यांचा सीएसआर निधी हवा असेल तर त्यासाठी सीएसआर-१ ही वेगळी नोंदणी लागते.

वर्षाचं वेळापत्रक

मार्च: वह्या बंद, दानपेटी आणि रोख शिल्लक मोजून सह्या.

मे अखेर: ८०जी असलेल्या संस्थांनी देणगीदारांचं विवरण भरायचं आणि त्यांना प्रमाणपत्र द्यायचं.

सप्टेंबर अखेर: ऑडिट पूर्ण, अहवाल धर्मादाय कार्यालयात. आयकर विवरणाच्या त्या वर्षीच्या तारखा सीएकडून घ्यायच्या.

रमजानच्या एक महिना आधी: नवी पावती पुस्तकं, क्रमांक तपासून नोंद.

दर तीन महिन्यांनी: विश्वस्तांची मीटिंग, ठराव आणि सह्या.

कमिटी बदलली तर: ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट, आणि जुन्या खजिनदाराकडून सगळ्या वह्यांचा ताबा यादीसह.

या आठवड्यात एवढंच करा: आपल्या मशिदीच्या किंवा मंडळाच्या परिशिष्ट १ चा उतारा काढायला दोन तरुणांना पाठवा. त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ती जमातीसमोर वाचा. त्यातले किती हयात आहेत हे मोजलं की पुढचं काम काय ते आपोआप कळेल. बुजुर्गांनी विटा वाहून मशिदी उभ्या केल्या. त्यांचे कागद सांभाळणं ही आपल्या पिढीवरची अमानत आहे.